कापसाच्या खोलीशेजारची हवा

कापूस घरात येऊन पडला की आमच्या घरातले आवाज मऊ होतात. मधल्या खोलीत जमिनीपासून पत्र्यापर्यंत पांढरा ढीग लागतो, आणि मग स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी ते दुसऱ्या कोणाच्या घरात पडल्यासारखं वाटतं. मी लग्न होऊन इथे आले ते दिवस कापसाचेच होते. मला मोठ्यानं बोलता येत नव्हतं, अजूनही येत नाही. त्यामुळे हे घर मला लगेच आवडलं. वाटलं, इथं सगळेच हळू बोलतात. कापूस विकला गेला तेव्हा कळलं की तसं काही नाही.

भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, ही आमच्याकडे सगळ्यांची रीत आहे. कोणाचा पुढच्या खोलीत, कोणाचा देवघराला लागून. दिवाळीपासून पुढे चार-दोन महिने माणसं कडेकडेनं राहतात आणि कापूस मधोमध राहतो. दुपारी पत्र्याच्या एका बारीक भोकातून उन्हाची काठी आत येते. त्या काठीत कापसाचे तंतू तरंगत असतात. वर जात नाहीत, खाली येत नाहीत. मी हातातलं काम सोडून कितीतरी वेळ ते बघत बसायची. ते आपल्या श्वासातही जातात हे माझ्या मनात कधी आलं नाही.

माझी लेक लहानपणी त्या ढिगावर झोपायची. एवढी रुतून झोपायची की फक्त केस दिसायचे. पण थंडी पडली की तिचा श्वास वाजायला लागायचा, आणि होळीच्या सुमारास ते वाजणं आपोआप थांबायचं. आम्ही म्हणायचो, हवा बदलली. होळीच्या सुमारासच कापूस घराबाहेर जातो, या दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. लग्न होऊन ती संभाजीनगरला गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की धूळ आणि तंतू तिच्या छातीला चालत नाहीत. जावयांनी झोपायच्या खोलीत हवा साफ करायची मशीन लावली. त्यानंतरचा तिचा हिवाळा शांत गेला.

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी धरूनच चालले होते. गोधड्या धुतल्या, डिंक आणला. आणि एका सकाळी जावयांचा फोन आला. ते कचेरीत काम करतात, बोलतात फार नीट.

"आई, राग मानू नका. तिची यायची फार इच्छा आहे. पण घरात कापूस आहे ना अजून? या दिवसांत तिला दम लागला तर औषधंसुद्धा जपून द्यावी लागतात. तुम्ही तिच्या खोलीच्या हवेचं काही करू शकलात तर मी स्वतः आणून सोडतो. नाहीतर संक्रांतीनंतर इथल्याच दवाखान्यात नाव घालतो."

मी फक्त "बरं" म्हटलं. लेकीनं नंतर हळूच फोन केला. "आई, मले यायचंच हाये व. पन हे लय घाबरून राह्यले. हवा साफ कराची मशीन भेटते नांदुऱ्याले. बाबाले सांग ना."

मी सांगितलं. हे अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. म्हणाले, "आता हवा धुऊन देऊ का तिले?" मग विळ्याची धार अंगठ्यानं पाहत, "कापूस आता काढला तं मातीमोल जाईन. थोडा भाव चढू दे." त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. वर्षभराचं राबणं त्या ढिगात होतं.

माझी जाऊ शेजारच्याच घरात राहते. तिच्या कानावर गेल्याशिवाय आमच्याकडे काही घडत नाही. ती म्हणाली, "माहेरची हवाच लागत नसन पोरीले, तं सासरीच बरी व माय." मी भाकरी थापत राहिले. पण ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर फिरलं, विहिरीवर, शेतात, परत घरी.

शेवटी आम्ही दोघं एसटीनं नांदुऱ्याला विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन खोकी उघडून काचेच्या टेबलावर दोन मशिनी मांडल्या. एक उंच, पांढरी, जाळीची. तिचं बटण दाबलं तर नुसता पंख्यासारखा आवाज आला.

"ह्याच्यातून काय निघते?" यांनी विचारलं.

"साफ हवा, काका."

"दिसत तं नाई."

"हवा कुठं दिसते काका?" दुकानदार हसला.

मग त्यानं दुसरी लावली. ती एखाद्या कळशीएवढी होती, पोटात पाणी भरायची. वरच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, वळली, टेबलाच्या कडेवरून खाली सांडली. मी न राहवून हात पुढे केला. वाफ असून गरम नव्हती. हात ओला झाला नाही, फक्त गार झाला, जसा पहाटे तुरीच्या ओळीतून चालताना होतो. मला तो हात मागे घ्यावासा वाटेना.

"हे काम करून राह्यलं," हे म्हणाले.

"काका, हे ह्युमिडिफायर आहे. हवा कोरडी असली, घसा सुकत असला तर ओलावा देतं. धूळ नाही पकडत ते."

"सडा टाकला का धूळ बसते ना?"

"बसते."

"मंग झालं तं."

लेकीनं सांगितलेली मशीन ती नव्हती, हे मला कळत होतं. पण दुकानात आणखी तीन माणसं उभी होती. आणि खरं सांगायचं तर मलाही ती वाफच हवी होती. एसटीत खोकं मांडीवर घेऊन मी खिडकीतून बाहेर पाहत आले, आणि बाहेरचं पऱ्हाटीचं वाळकं रान मला धुक्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं.

लेकीसाठी ठेवलेली खोली कापसाच्या खोलीला लागूनच आहे. मधली भिंत पत्र्यापर्यंत जात नाही, वर दोन हात मोकळं आहे. विजेचं बटण त्या भिंतीलाच होतं, म्हणून मशीन त्या अर्ध्या भिंतीवर ठेवली. मला वाटलं बरंच झालं, इकडेही वाफ येईल आणि तिकडे कापसावरही थोडी पडेल, म्हणजे तंतू उडणार नाहीत. सड्याचा हिशोब आम्हा दोघांच्या डोक्यात पक्का बसला होता.

ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. सकाळी कामं आटोपली की मी त्या खोलीत जाऊन खाटेवर बसायची. वाफ भिंतीवरून दोन्हीकडे उतरत असायची. तिकडे कापसाच्या ढिगावर ती जाऊन टेकली की कापूस कुठे संपतो आणि वाफ कुठे सुरू होते ते कळायचं नाही. उन्हाची काठी आता दुधासारखी दिसायची. मी मनातल्या मनात लेकीला तिथे झोपलेली पाहायची, तिच्या कुशीत कापडात गुंडाळलेलं काहीतरी, तोंड दिसत नसलेलं. आजूबाजूच्या बाया मशीन पाहायला आल्या. जाऊ आली, दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "धुकं इकत आणलं व माय तुमी! आमच्या वावरात फुकट पडते."

लेकीला मोबाईलवर दाखवलं तर ती आधी खूप हसली. मग तिचा चेहरा उतरला. "आई, हे दुसरंच हाये. मले पाह्यजे ते हवा ओढून घेते, हे तं फुकते." मागून जावयांचा आवाज आला, "असू दे, आणलंय ना प्रेमानं." पण आणून सोडतो असं ते म्हणाले नाहीत. संक्रांत जवळ येत होती.

त्याच आठवड्यात खेड्यापाड्यांत फिरून कापूस घेणारा व्यापारी आमच्याकडे आला. वयानं यांच्यापेक्षा बराच लहान, पण कापसाला हात लावायची त्याची पद्धत जुन्या माणसासारखी. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून एक पुंजका काढायचा, त्यातली सरकी दाताखाली धरायची. कोरडी सरकी कटकन फुटते. पुढच्या बाजूची फुटली. मधली फुटली. मग तो भिंतीच्या कोपऱ्याकडे गेला, हात घातला आणि थांबला. सरकी दातात धरली. आवाज आला नाही.

त्यानं बोटं एकमेकांवर चोळली. "दादा, पानी मारलं का?"

आमच्याकडे हा प्रश्न फार जड आहे. वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्याबद्दल हे एकदा बोललं गेलं, त्याच्या दारात पुढे कोणी सरळ मनानं उभं राहत नाही. यांनी जन्मात असं केलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहत होते. यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"काऊन मारीन बे पानी? तसा दिसलो का मी तुले?"

"दिसाले कोनीच दिसत नाई दादा. सरकी सांगते."

हे ओल कुठली ते शोधत ढिगाकडे पाहत होते, आणि वर पाहत नव्हते. भिंतीवर मशीन त्या वेळी बंद होती, एखाद्या रिकाम्या भांड्यासारखी. मला सगळं एकदम दिसलं. त्या कोपऱ्यावर रोज उतरणारी वाफ, आणि मी खाटेवर बसून ती पाहणारी.

मी कशी बाहेर आले ते मला नीट आठवत नाही. पदर घट्ट धरलेला होता एवढं आठवतं. मी लेकीच्या खोलीत गेले, बटण दाबलं. वाफ निघाली, भिंतीवर वळली आणि सरळ त्या कोपऱ्यात उतरली.

"पानी ह्यानं मारलं," मी भिंतीच्या अलीकडून म्हटलं.

मग व्यापाऱ्याच्या हसण्याचा आवाज आला, आधी नाकातून, मग पोटातून. "काकू! कापसाले सर्दी झालती का? वाफ देऊन राह्यल्या तुमी त्याले!"

हेही हसले. उशिरा हसले, पण हसले. ते हसणं विरायच्या आत मला पुढचं बोलायला सुचलं. समोर भिंत होती म्हणूनच ते जमलं असावं, तोंडासमोर कोणी नव्हतं.

"पोरीसाठी आनली मशीन. तिले बायंतपनाले आनाचं हाये. हा कापूस घरात हाये तोवर ते येत नाई. संक्रांत झाली का तिकडेच नाव घालनार हायेत तिचं."

यांना हे माहीत होतंच. पण परक्या माणसासमोर, माझ्या तोंडून, मोठ्यानं, असं ते आजवर त्यांनी ऐकलं नव्हतं. व्यापारी हसायचा थांबला. म्हणाला, "कापूस चांगला हाये दादा, एवढा कोपराच ओला हाये. चार-दोन उनं दाखवा, मंग सांगा. भावासाठी थांबाचं असन तं थांबा, मर्जी तुमची."

हे ढिगाकडे वळले. मी भिंतीच्या वरच्या मोकळ्या जागेतून फक्त त्यांची टोपी पाहू शकत होते. मग टोपी हलली. "उनात वायला का गाडी घेऊन ये," ते म्हणाले. "आता थांबत नाई."

ओला कापूस आम्ही अंगणात पसरला. जुनी लुगडी अंथरून, त्यावर पातळ थर. सगळं अंगण पांढरं झालं. तुळशीभोवती पांढरं, हौदाच्या कडेला पांढरं. मी काठीनं तो उलटा-सुलटा करत फिरत होते आणि पाय जमिनीला लागत नसल्यासारखे वाटत होते. जाऊ तिच्या दारातून पाहत होती. थोड्या वेळानं तीही एक काठी घेऊन आली. माझ्याबरोबर कापूस उलटवत राहिली. मग म्हणाली, "कापूस वायते तोवर पोरीची खोली सारवून घेतो का?" मी म्हटलं, "फरशी हाये व ताई." "मंग पुसून घेऊ," ती म्हणाली.

गाडी भरून गेली आणि घर एकदम मोठं झालं. भिंतींवर तंतूंची पांढरी साय होती. आम्ही दोघींनी ओल्या फडक्यांनी भिंती पुसल्या, पत्र्याखालची लाकडं पुसली. झाडू मारला नाही, झाडूनं ते पुन्हा उडतं. तरी दुपारच्या उन्हात पाहिलं तर थोडे तंतू होतेच. ते आता मला सुंदर वाटेनात. मी यांना म्हटलं, "ती दुसरी मशीन आनाची." ते म्हणाले, "चाल."

दुकानात या वेळी मी विचारलं. आवाज माझ्याच कानाला लहान वाटला, पण दुकानदारानं पुढे वाकून ऐकला.

"ही काम करते ते दिसते का कुठं?"

त्यानं मागच्या देवाच्या फोटोसमोरची जळती उदबत्ती उचलली आणि उंच मशीनजवळ धरली. मशीनचा निळा दिवा पिवळा झाला, मग लाल. आवाज वाढला. उदबत्ती त्यानं परत जागेवर ठेवली. आम्ही तिघं दिव्याकडे पाहत राहिलो. दिवा पिवळा झाला आणि शेवटी निळा. हे म्हणाले, "हे मागच्या बारीनंच दाखवाचं असते ना बे भाऊ!"

"तुम्ही वाफ पाहिली आणि मग कुठं थांबले, काका?"

मग दुकानदारानं मला खोली केवढी, दारं-खिडक्या लागतात का, ते विचारलं. मी अर्ध्या भिंतीचं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मग आधी ते वरचं बुजवा. नाहीतर ही सगळ्या घराची हवा ओढत बसेल, आणि तुमच्या लेकीला काही मिळणार नाही." आतली जाळी धुवायची नाही, बदलायची. बाहेरची फडक्यानं पुसायची. वाफेची मशीन टाकून देऊ नका, असंही तो म्हणाला. थंडीत घसा फारच कोरडा पडला तर थोडा वेळ लावा, पाणी रोज नवं भरा, भांडं घासून ठेवा, आणि भिंत किंवा काचा ओलावल्या की बंद करा. मी सगळं मनात घोळवत आले. शाळेत कविता पाठ करायची तशी.

यांनी वरची मोकळी जागा पातळ फळ्यांनी बंद केली, फटींत कापडाच्या पट्ट्या ठोकल्या. खोलीचं दार लावलं की आत वेगळीच शांतता झाली. मशीन कोपऱ्यात उभी, निळा दिवा पेटलेला. मी तिच्यासमोर बसून राहायची. वाफेसारखं पाहायला त्यात काही नव्हतं. पण उन्हाची तिरीप खिडकीतून यायची आणि तिच्यात काहीच तरंगत नसायचं, नुसता उजेड असायचा. रिकामा उजेड मी या घरात पहिल्यांदाच पाहिला. मला तो अनोळखी वाटला आणि हळूहळू आवडायला लागला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जावई तिला घेऊन आले. भाड्याची गाडी करून आले होते. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेक जड झाली होती, चेहरा भरला होता. पिशव्या मात्र गाडीतच होत्या. गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून उभा होता, पण मागचं दार कोणी उघडलं नाही. ते मी पाहिलं.

जावई सरळ तिच्या खोलीत गेले. आम्ही मागोमाग. दार लावलं. आणि निळा दिवा पिवळा झाला. मग लाल.

जावयांनी भिंतीकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, फटींवरून बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ होतं. मशीनचा आवाज वाढला. लेक खाटेवर बसली, हात पोटावर ठेवून. जाऊ दाराशी होती, ती म्हणाली, "आता ह्या मशीनले काय झालं?"

मग जावयांनी स्वतःच्या शर्टाची बाही झटकली आणि लेकीकडे पाहिलं. सगळा रस्ता उकरलेला होता, कामं चालू होती. त्यांच्या खांद्यांवर, लेकीच्या साडीच्या निऱ्यांत, केसांत, रस्त्याची बारीक पिवळी धूळ बसली होती.

"धूळ आम्हीच घेऊन आलो, आई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसले.

आम्ही सगळे उभे राहून त्या दिव्याकडे पाहत होतो, जशी माणसं ग्रहण सुटायची वाट पाहतात. बाहेर गाडीचा ड्रायव्हर कोणाशी तरी बोलत होता. लाल फिका झाल्यासारखा वाटला, मग नाही वाटला. मग पिवळा झाला. लेकीनं डोळे मिटले होते, तिचे खांदे हळूहळू खाली आले. मी तिच्या श्वासाकडे पाहत होते, दिव्याकडे नाही, म्हणून निळा कधी झाला ते मला दिसलं नाही. हे म्हणाले, "निळा झाला पाह्य."

जावयांनी थोडा वेळ आणखी पाहिलं. मग ते बाहेर गेले. गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि एकेक करत पिशव्या अंगणात यायला लागल्या. मी पुढे होऊन पहिली पिशवी घेतली. ओल्या फडक्यानं ती पुसली, मगच आत नेली, आणि मागे दार लावून घेतलं.